विजेच्या बिलातला रुपया कोणाचा, आणि दाद कुठे मागायची

‘लाइट गयी’ म्हटले की खान्देशात सगळा राग एकाच पत्त्यावर जातो: बोर्डात. तो बोर्ड, म्हणजे महाराष्ट्र राज्य वीज मंडळ, 1960 साली सुरू झाला आणि 6 जून 2005 रोजी संपला. त्याच्या जागी चार कंपन्या आल्या. वीज तयार करणारी महानिर्मिती, ती उच्चदाबाने वाहून नेणारी महापारेषण, गावात-घरात पोचवून बिल देणारी महावितरण, आणि या तिघींचे समभाग सांभाळणारी सूत्रधारी कंपनी. चारही सरकारी. दर मात्र यांतली एकही कंपनी ठरवत नाही. ते काम 1999 पासून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे. हा फरक माहीत नसला की खरी तक्रारसुद्धा चुकीच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहते आणि तिची मुदत निघून जाते.

तार कोणाची ते आधी पाहा

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचे 500-500 मेगावॅटचे दोन संच उशाशी असताना भुसावळात अंधार का, हा प्रश्न कट्ट्यावर नेहमी निघतो. उत्तर साधे आहे. दीपनगरची वीज 400 आणि 220 केव्ही (किलोव्होल्ट) दाबाच्या जाळ्यात जाते, तिथून राज्यभर. गल्लीतली लाइट जाते ती बहुतेक वेळा 33 किंवा 11 केव्हीच्या फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे येणाऱ्या लाइनवरच्या, बिघाडाने. चिमणी महानिर्मितीची, फीडर महावितरणचा.

ओळखण्याची खूण अशी. खांबावरची 11 व 33 केव्हीची लाइन, 33/11 केव्ही उपकेंद्र आणि गावातली डीपी, म्हणजे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), महावितरणची. भुसावळजवळच्या खडक्यासारखी 400 केव्हीची, तशीच 220 आणि 132 केव्हीची मोठी उपकेंद्रे सहसा महापारेषणची. पण मनोरा दिसला म्हणजे तो सरकारीच, असे धरू नका. धुळ्याजवळचे 765 केव्ही उपकेंद्र आणि तिथल्या काही वाहिन्या भोपाळ–धुळे ट्रान्समिशन कंपनीने स्पर्धात्मक बोलीतून मिळवून उभारल्या. 2017 पासून ती कंपनी इंडिग्रिड या गुंतवणूक ट्रस्टकडे आहे. साक्री तालुक्यातला शिवाजीनगरचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प महानिर्मितीचा, तर त्याच तालुक्यातल्या ब्राह्मणवेल पट्ट्यातल्या पवनचक्क्या खासगी. शेतात मनोरा उभा राहत असेल तर मोबदल्याचा अर्ज महावितरणच्या कक्ष कार्यालयात देऊन काही होत नाही. वाहिनी टाकणाऱ्या कंपनीचे नाव कामाच्या फलकावर किंवा तिने दिलेल्या नोटिशीवर असते. अर्ज त्या कंपनीला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला, दोघांना द्या.

डीपी जळण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात उन्हाळ्यात याच्याइतका महाग बिघाड दुसरा नाही. ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र 48 तासांत बदलणे ही महावितरणवरची नियामक बंधनकारक मुदत आहे. तास मोजायला सुरुवात तक्रार नोंदवल्यापासून होते, म्हणून वायरमनला तोंडी सांगून थांबू नका. 1912 वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि तो कागदावर लिहून ठेवा. रोहित्राची ने-आण आणि ऑइल यांचा खर्च शेतकऱ्यांचा नाही. वर्गणी मागितली गेली तर ‘लेखी मागणीपत्र द्या’ एवढेच म्हणावे. कागद मागितला की बहुधा मागणी संपते.

पण रोहित्र वारंवार जळत असेल तर आधी हिशेब करा. 5 अश्वशक्तीच्या पंपाला शाफ्टवर 3.73 किलोवॅट लागतात. मोटरची कार्यक्षमता 80 टक्के आणि पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर तो पंप साधारण 5.8 केव्हीए (रोहित्राची क्षमता याच एककात मोजतात) ओढतो. म्हणजे 100 केव्हीएच्या डीपीवर असे सतरा पंप मावतात. प्रत्यक्षात तिथे पंचवीस असतात, त्यांतल्या कित्येकांची मंजुरी 3 अश्वशक्तीची आणि मोटर 5 ची. त्यात सगळ्यांना ऑटो स्टार्टर. लाइट आली की सगळे पंप एका क्षणी उठतात आणि सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असतो. ऑटो काढून पंप पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुरू करा आणि प्रत्येक पंपाला कपॅसिटर बसवा: 3 अश्वशक्तीला 1, 5 ला 2 आणि साडेसातला 3 केव्हीएआर. भार तरीही जास्त भरत असेल तर सर्वांच्या सह्यांनिशी, ग्राहक क्रमांक आणि अश्वशक्तीच्या यादीसह, अतिरिक्त रोहित्राचा अर्ज उपविभागात द्या. नुसते ‘डीपी वाढवून द्या’ असे पत्र यादीशिवाय पुढे सरकत नाही.

बिलाची प्रत्येक ओळ वेगळ्या दारात जाते

बिल उजेडात धरून वरून खाली या.

स्थिर आकार (मोठ्या ग्राहकांना मागणी आकार), वीज आकार आणि वहन आकार (तारांच्या वापराचे भाडे) हे तिन्ही आयोगाच्या दर आदेशातून येतात. यांच्या दराबद्दल कक्ष अभियंत्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो एक पैसाही कमी करू शकत नाही. इंधन समायोजन आकार हा वीज खरेदीचा खर्च धरलेल्या अंदाजापेक्षा वर-खाली गेला की लागतो, तोही आयोगाच्या सूत्रानुसार. वीज शुल्क राज्य सरकारचा कर आहे, घरगुती ग्राहकाला 16 टक्के. तो आयोगाच्या हातात नाही, विधिमंडळाच्या आहे. सवलत दिसत असेल, उदाहरणार्थ साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे 2024 पासूनचे माफ बिल, तर ती रक्कम सरकार महावितरणला भरते. वीज कायद्याच्या कलम 65 नुसार सरकारने ती आगाऊ भरायची असते. ‘फुकट’ विजेचा दरही आयोगच ठरवतो, भरणारा फक्त बदलतो.

उरतात त्या ओळी खरोखर महावितरणच्या: रीडिंग, गुणक, दरवर्ग, मंजूर भार, मीटरची स्थिती, मागील समायोजन. व्यक्तिगत बिलातल्या चुका इथेच सापडतात.

गुणकाची चूक सगळ्यांत महाग पडते. गुणक म्हणजे मीटरचे रीडिंग ज्या आकड्याने गुणून युनिट काढतात तो, आणि सीटी म्हणजे मोठा प्रवाह मीटरला झेपेल इतका लहान करणारा करंट ट्रान्सफॉर्मर. सीटी 200/5 चा आणि मीटर 100/5 चा असेल तर गुणक 2. सीटी बदलताना गुणक 1 च राहिला तर बिल निम्मे येते. ग्राहक खूश असतो, आणि तीन वर्षांनी तपासणीत फरकाचे बिल येते. कारखान्याचा मीटर किंवा सीटी बदलला की त्याच दिवशी बदली अहवालाची प्रत मागा आणि पुढच्या बिलावरच्या गुणकाशी ताडून पाहा. असे जुने फरकाचे बिल आलेच तर दोन निर्णय माहीत असावेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2019 मध्ये म्हटले की पहिल्यांदा मागणी केल्याच्या तारखेपूर्वीच्या दोन वर्षांपलीकडची वसुली करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले की चुकीमुळे राहिलेली रक्कम दोन वर्षांनंतरही मागता येईल, पण तिच्यासाठी वीज तोडण्याचा धाक दाखवता येणार नाही. मंचापुढे दोन्ही बाजू आपापला निर्णय पुढे करतात, म्हणून आपल्या अर्जात दोन्हींचा उल्लेख करून युक्तिवाद करा.

मीटर बंद पडला असेल तर जास्तीत जास्त तीन महिन्यांचे बिल, आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने. याहून लांब काळाची सरासरी लावली असेल तर ती मागे घ्यायला लावता येते. रीडिंगबद्दलच शंका असेल तर केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांतल्या 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे तक्रारीनंतर पाच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर बसवायचा असतो आणि तो किमान तीन महिने ठेवायचा असतो. जळगाव परिमंडळात स्मार्ट मीटर बसवण्याचे काम एनसीसी या खासगी कंपनीकडे आहे. तरी बिलाची जबाबदारी महावितरणचीच. ‘ते ठेकेदाराला विचारा’ हे उत्तर स्वीकारू नका.

दरवर्गाची चूक खान्देशात विशेष दिसते, कारण इथे शेती आणि उद्योग यांच्या सीमेवरचे धंदे भरपूर. शेतमालाचे प्रीकूलिंग आणि शीतगृह, मग माल प्रक्रिया केलेला असो वा नसो, आयोगाच्या दर आदेशात ‘कृषी – इतर’ या वर्गात येते. हरितगृह, ऊतिसंवर्धन, कुक्कुटपालनही त्यातच. सावद्याच्या केळीच्या शीतगृहाला वाणिज्यिक दर लागला असेल तर आदेशातला त्या वर्गाचा मजकूर छापून अर्जाला जोडा. डाळ मिल, जिनिंग, चटईचे कारखाने औद्योगिक वर्गात. उलट दिशेनेही हे लक्षात ठेवा. तपासणीत वर्ग चुकीचा निघाला तर फरक शोध लागल्याच्या तारखेपासून पुढे लावायचा, मागे नाही, असे अपिलीय विद्युत न्यायाधिकरणाने 2014 मध्ये ठरवले आहे.

तक्रारीची पायरी, आणि कुठे पाय घसरतो

जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही तिन्ही मंडळे (सर्कल) महावितरणच्या जळगाव परिमंडळात येतात. उतरंड अशी: कक्ष, उपविभाग, विभाग, मंडळ, परिमंडळ. बिलाची चूक उपविभागात दुरुस्त होते, म्हणून पहिला लेखी अर्ज तिथे. अर्जात ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना, चूक एका वाक्यात, आणि काय हवे ते दुसऱ्या वाक्यात. सोबत सीपीएल मागा. हा तुमच्या खात्याचा महिनावार उतारा असतो. रीडिंग, मीटरची स्थिती, समायोजन सगळे त्यात दिसते. वाद जिंकला जातो तो बहुतेकदा सीपीएलवर, भाषणावर नाही. मोठ्या ग्राहकांनी मीटरमधून उतरवलेला एमआरआय अहवालही मागावा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे.

उपविभागात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. वीज कायद्याच्या कलम 42 नुसार प्रत्येक वितरण कंपनीने तो स्थापायचा असतो, आणि त्याचे कामकाज आयोगाच्या 2020 च्या विनियमांनी चालते. तीन सदस्यांत एक ग्राहक संघटनेचा असतो. फी नाही, वकील लावण्याची गरज नाही. अर्ज अनुसूची ‘अ’च्या नमुन्यात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावे लागते. बहुतेकांचा पाय इथेच घसरतो: उपविभागात ‘बघतो, करतो’ ऐकत दीड वर्ष जाते आणि उरलेले सहा महिने कागद जमवण्यात. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही.

मंचाचा आदेश पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे अनुसूची ‘ब’मध्ये अर्ज. लोकपालांची कार्यालये मुंबई आणि नागपूरला आहेत. आपण कोणाकडे जायचे तो पत्ता मंचाच्या आदेशाच्या शेवटी असतो. मंचाने तुम्हाला रक्कम भरायला सांगितली असेल तर तिच्या निम्मी किंवा 25 हजार रुपये, यांतले जे कमी ते आधी भरावे लागते.

वाद चालू असताना लाइट तोडू नये म्हणून कलम 56 मधली एक तरतूद घरातल्या प्रत्येकाला पाठ असावी. तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली कमी असलेली भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. 4 हजारांच्या सरासरीवर 90 हजारांचे बिल आले तर बिलाच्या रकान्यांत गुरफटू नका. हिशेब करून सरासरीची रक्कम भरा, पावतीसोबत ‘निषेधासह’ असे पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. ऑनलाइन भरणा केला तर निषेधाचे पत्र वेगळे देणे विसरले जाते, आणि मग तो साधा अर्धवट भरणा धरला जातो.

थेट आयोगाकडे किंवा मंत्र्यांकडे बिलाची तक्रार पाठवण्याची हौस अनेकांना असते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच स्पष्ट केले की वैयक्तिक ग्राहकाच्या बिलाचा वाद आयोगाने ऐकायचा नाही, तो मंचाचा. तिथे पाठवलेले पत्र परत फिरते.

बंद पडलेली जिनिंग किंवा मिल विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या मालकाच्या वीज थकबाकीचा बोजा जागेवर राहतो; वारसाशिवाय इतर खरेदीदारावर तो जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या बिलापुरता असतो. तरीही सौदा करण्याआधी त्या जागेचा ग्राहक क्रमांक शोधून सीपीएल काढा. पीडी झालेले, म्हणजे कायमचे तोडलेले कनेक्शन कागदावर दिसत नाही आणि नवीन कोटेशन मागायला गेल्यावरच समोर येते.

भरारी पथक आले तर

मंच इथे उपयोगाचा नाही. अनधिकृत वापराचे कलम 126 आणि चोरीचे कलम 135, दोन्ही त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि या दोहोंतला फरक पंचनाम्यावर सही करण्यापूर्वीच समजून घ्यावा. मंजूर भारापेक्षा जास्त भार, घरगुती कनेक्शनवर दुकान, ही 126 ची प्रकरणे. मीटरमध्ये छेडछाड, तारेवर आकडा टाकणे, ही 135 ची, म्हणजे फौजदारी.

126 मध्ये आधी तात्पुरते निर्धारण येते. त्यावर लेखी हरकत घ्या आणि सुनावणी मागा. अंतिम आदेश तीस दिवसांत व्हायचा असतो. आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. वापर कधीपासून ते ठरवता आले नाही तर बारा महिन्यांची. नेमका इथे कागद कामाला येतो. वेल्डिंगचे मशीन तीन महिन्यांपूर्वी घेतल्याचे बिल दाखवता आले तर बाराऐवजी तीन महिने. अपील कलम 127 खाली तीस दिवसांत, निम्मी रक्कम भरून, विद्युत निरीक्षकाकडे. तो राज्य शासनाचा अधिकारी असतो, महावितरणचा नव्हे.

पंचनाम्यात जोडभार लिहिताना प्रत्येक यंत्राच्या नेमप्लेटवरचा आकडा वाचला जातो का ते पाहा. बंद पडून कोपऱ्यात ठेवलेली मोटर मोजली गेली असेल तर सही करताना तसे लिहून सही करा. नंतर सांगितलेले कोणी धरत नाही.

दर ठरतो तिथे बोलायचे कसे

महावितरणला आयोगापुढे दराची याचिका करावी लागते, ती लोकांसाठी प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती ऐकाव्या लागतात. कलम 64 मध्ये हे लिहिलेले आहे, आणि याचिका दाखल करून घेतल्यावर आदेशासाठी 120 दिवसांची मुदत आहे. सध्याचा बहुवर्षीय कालावधी 2025-26 ते 2029-30 असा पाच वर्षांचा. 28 मार्च 2025 रोजी त्याचा आदेश आला, 2 एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली, 25 जूनला पुनर्विलोकनाचा नवा आदेश आला आणि 1 जुलैपासूनचे दर त्यातून लागले. तीन महिन्यांत एवढी उलथापालथ. म्हणून दराचा तक्ता कोणी पाठवला की पहिल्यांदा आदेशाची तारीख पाहावी.

जाहीर सूचना वर्तमानपत्रात आणि आयोगाच्या संकेतस्थळावर येते. हरकतीची शेवटची तारीख, पाठवण्याची पद्धत आणि सुनावणीचे ठिकाण त्यातच असते. खान्देशाला प्रत्यक्ष सुनावणीसाठी आजवर नाशिक गाठावे लागत आले आहे. हरकत मराठीत चालते. प्रत महावितरणलाही द्यायची, म्हणजे त्यांना लेखी उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर आदेशात छापून येते.

कोणती हरकत वाया जाते? ‘दरवाढ रद्द करा, ग्राहक भरडला जात आहे.’ अशा शेकडो हरकती एका ओळीत निकाली निघतात. चालणारी हरकत वेगळी दिसते: याचिकेच्या अमुक पानावर कृषिपंपांचा वापर इतका धरला आहे, आमच्या फीडरवर मीटरचे वाचन इतके आहे, जास्त धरलेला वापर म्हणजे लपलेली गळती, ती मान्य करू नये. पान, आकडा, कारण, मागणी. विनामीटर कृषिपंपांचा अंदाज हा महाराष्ट्रात जुना वाद आहे. शेतीच्या नावावर गळती लिहिली गेली की तिचा भार जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला कारखानदार क्रॉस-सबसिडीतून, म्हणजे इतरांचा दर कमी ठेवण्यासाठी उद्योगाला लावलेल्या जादा दरातून, उचलतो. आमच्या मते खान्देशातून सर्वांत जास्त आवाज याच मुद्द्यावर उठायला हवा. तो उठत नाही, कारण फीडरचे आकडे कोणी मागत नाही. ते माहितीच्या अधिकारात मिळतात. याचिकेची वाट न पाहता दर तिमाहीला मागून ठेवा.

एकट्याने जमत नसेल तर आयोगाने अधिकृत ग्राहक प्रतिनिधी नेमलेले असतात. पुण्याची प्रयास ही त्यांतली एक संस्था. त्यांच्या जुन्या हरकती वाचल्या तर मांडणी कशी असते ते कळते.

पुरवठादार बदलता येतो का

घरगुती ग्राहकाला खान्देशात नाही. कायद्याचे कलम 14 एकाच भागात दुसरा परवानाधारक आपले स्वतःचे जाळे घेऊन येऊ देते. मुंबईत टाटा आणि अदानी असे आहेत. इथे तसा कोणी नाही. 4 जानेवारी 2023 चा वीज कर्मचाऱ्यांचा संप याच समांतर परवान्याच्या प्रश्नावर होता.

जळगाव शहरात 2011 ते 2015 क्रॉम्प्टन ग्रीव्हज होती, तेव्हा ‘खासगी बोर्ड आला’ असे म्हटले गेले. ती फ्रँचायझी होती, परवाना महावितरणचाच. फ्रँचायझी ठरलेल्या दराने महावितरणकडून वीज घेते आणि ग्राहकांकडून आयोगाच्या दराने वसूल करते. कमाई गळती कमी करण्यात आणि वसुली वाढवण्यात. दर तोच, मंच तोच. ग्राहकांच्या स्वतःच्या मालकीचा प्रयोग नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात होता, मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. तिचे वितरण 2011 मध्ये महावितरणकडे गेले.

उद्योगाला मात्र दार उघडे आहे: मुक्त प्रवेश. 1 मेगावॅट किंवा अधिक करारमागणी (महावितरणशी करारात ठरलेली कमाल मागणी) असेल तर कोणत्याही निर्मात्याकडून किंवा वीज बाजारातून वीज घेता येते. सौर-पवन वीज घ्यायची असेल तर 2022 च्या केंद्रीय हरित नियमांनी ही मर्यादा 100 किलोवॅटवर आणली आणि एकाच विभागातल्या अनेक जोडण्या मिळून 100 झाल्या तरी चालते. 300 किलोवॅटची डाळ मिल यात बसते. तार महावितरणचीच राहते, तिचे भाडे भरायचे.

विक्रेता ‘साडेतीन रुपयांत वीज’ म्हणतो तेव्हा पुढचा हिशेब स्वतः मांडा. आकडे इथे केवळ रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. खरे त्या वर्षीच्या आदेशातून घ्या. 3.50 रुपये, वाटेतली घट 10 टक्के धरली तर 3.89. पारेषण 0.80, वहन 0.70 मिळवले की 5.39. त्यावर क्रॉस-सबसिडी अधिभार 1.70 आणि अतिरिक्त अधिभार 1.30 लागला तर 8.39. हा आकडा महावितरणच्या फक्त वीज आकार अधिक वहन आकाराशी ताडायचा. मागणी आकार दोन्हीकडे भरावाच लागतो, तो बचतीत धरणारे कोष्टक चुकीचे आहे. 11 ऐवजी 33 केव्हीवर असाल तर वहन आणि घट दोन्ही कमी.

शेवटचे 3 रुपये टाळण्याचा मार्ग म्हणजे स्वतःच्या मालकीची, कॅप्टिव्ह वीज. 2005 च्या नियमांप्रमाणे वापरकर्त्यांकडे प्रकल्पाची किमान 26 टक्के मतदानाचा हक्क असलेली मालकी हवी आणि वर्षभरातल्या विजेपैकी किमान 51 टक्के त्यांनीच वापरली पाहिजे. कॅप्टिव्हला क्रॉस-सबसिडी अधिभार नाही. अतिरिक्त अधिभारही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये सांगितले. गट करून केले तर प्रत्येकाचा वापर त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात, 10 टक्के कमी-अधिक इतक्या मर्यादेत हवा. तपासणी वर्षअखेरीला होते. एखादी अट चुकली तर पूर्ण वर्षाची वीज विकत घेतलेली धरली जाते आणि सगळा अधिभार एकदम येतो.

याच अटीवर जिनिंगवाले अडकतात. जिनिंग दिवाळीनंतर सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. सौर प्रकल्पाची सर्वांत जास्त निर्मिती मार्च ते मेमध्ये. बँकिंग, म्हणजे न वापरलेली वीज महावितरणच्या खात्यात जमा ठेवून नंतर वापरणे, महिन्याच्या हिशेबाने होते, त्यामुळे मेमधली वीज डिसेंबरात वापरता येत नाही. 1 मेगावॅटचा प्रकल्प वर्षाला साधारण 15 लाख युनिट देतो. वर्षभर चालणारी डाळ मिल ती पचवते, पाच महिने चालणारी जिनिंग नाही. गटात जिनिंग, शीतगृह आणि प्लास्टिकचा कारखाना एकत्र आले तर प्रमाणाचा नियम जिनिंगवाल्यामुळे मोडतो. त्याचा हिस्सा त्याच्या करारमागणीवरून न ठरवता, मागील तीन वर्षांच्या युनिटवरून ठरवा.

अर्ज करण्याआधी चार कागद तयार ठेवा: बारा महिन्यांची बिले, करारमागणीचे मंजुरीपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, आणि 15 मिनिटांच्या टप्प्यात नोंद करणारा मीटर बसवल्याचा अहवाल. अर्ज या मीटरवर सर्वाधिक अडतो. मीटर आणि सीटी-पीटीची चाचणी आधी करून घ्या. नाहीतर मंजुरी हातात असूनही वीज कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या वेळापत्रकात चढत नाही. आणि सौर वीज सुरू झाली म्हणून घाईने करारमागणी कमी करू नका. ढगाळ दिवशी सगळा भार महावितरणवर येतो, मागणी ओलांडली की ओलांडलेल्या भागाला दीडपट आकार लागतो आणि वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा ओलांडली तर करारमागणीच वाढवून लावली जाते. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, त्या महिन्यांची कमाल मागणी पाहा, मग अर्ज द्या.